‘टीम इज’ की ‘टीम आर’?

या अंकासाठी निवडलेले सगळे प्रश्न इंग्रजीतल्या समूहवाचक नामांबद्दलचे आहेत: टीम, कमिटी, फॅमिली, पोलीस, स्टाफ. शब्द एक आणि त्यात माणसे अनेक, मग क्रियापद कोणाकडे बघून लावायचे? इंग्रजी वाक्ये देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचली तर फरक कानाला लगेच कळेल.

प्रश्न : शाळेत ‘द टीम इज’ असे शिकलो. ब्रिटिश बातम्यांत मात्र ‘द टीम आर’ ऐकू येते. दोन्ही बरोबर कसे? आणि परीक्षेत काय लिहायचे?

दोन्ही बरोबर आहे. इंग्रजीत क्रियापदाचे वचन दोन तऱ्हेने ठरते. एक तर शब्दाच्या रूपावरून: ‘टीम’ हे रूप एकवचनी, ‘टीम्स’ हे अनेकवचनी, म्हणून ‘टीम’ला ‘इज’. किंवा अर्थावरून: टीम म्हणजे पुष्कळ खेळाडू, म्हणून ‘आर’. अमेरिकन इंग्रजी बहुतेक वेळा रूप बघते. ब्रिटिश इंग्रजी दोन्ही चालवून घेते आणि बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय आहे, त्यावर सोडते.

मराठी माणसाला हे परके वाटायला नको. ‘मंडळी’ हा शब्द घ्या. ‘सगळी मंडळी जमली आहे’ असेही आपण म्हणतो आणि ‘सगळी मंडळी जमली आहेत’ असेही. पहिल्यात जमाव दिसतो, दुसऱ्यात माणसे. ‘काय मंडळी, निघालात का?’ असे विचारताना तर अनेकवचनाशिवाय दुसरे काही सुचतच नाही. ‘सर आले आहेत’ या वाक्यात सर एकच असतात, पण आदरापोटी क्रियापद अनेकवचनी होते. म्हणजे क्रियापदाने शब्दाच्या रूपाऐवजी मनातल्या भावाचे ऐकायचे, ही सवय आपल्याला लहानपणापासून आहे. ब्रिटिश माणूस ‘माय फॅमिली आर ऑल टॉल’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कुटुंब ही संस्था नसते. एकेक उंच माणूस असतो.

शालेय व्याकरणातला जुना नियम याच जागी येतो: गट एकदिलाने वागला तर एकवचन, गटात फूट असली तर अनेकवचन. ‘द ज्युरी वॉज युनॅनिमस’, पण ‘द ज्युरी वेअर डिव्हायडेड’. नियम उपयोगी आहे, पण ‘एकदिलाने’ हा शब्द दिशाभूल करतो. ब्रिटिश इंग्रजीत ‘द ऑडियन्स वेअर क्लॅपिंग’ अगदी सहज येते आणि त्या टाळ्यांत मतभेद कसलाच नसतो. मुद्दा फुटीचा नाही. वाक्यात सांगितलेली गोष्ट गटाला मिळून लागू होते की एकेका माणसाला, हे बघायचे. टाळ्या वाजवतात माणसे. जेवतात, भांडतात, घरी जातात तीही माणसेच. स्थापन होतो, बरखास्त होतो, मोठा किंवा लहान असतो तो गट.

मुळात ‘ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालते’ हे वाक्यच अर्धवट आहे. काही जागी ब्रिटिश माणूससुद्धा अनेकवचन वापरत नाही, आणि आपल्याकडच्या चुका नेमक्या तिथे होतात.

नामाच्या आधी येणारा दर्शक शब्द नेहमी एकवचनी राहतो. ‘धिस कमिटी आर’ हे ब्रिटिश कानाला चालेल, ‘दीज कमिटी आर’ मात्र कोणालाही चालणार नाही. ‘एव्हरी’ किंवा ‘ईच’ आले की क्रियापदही एकवचनात बांधले जाते: ‘एव्हरी टीम हॅज अ कोच’. इथे ‘हॅव’ लिहायला जागाच उरत नाही.

गट कशाचा बनला आहे, केवढा आहे, कधी स्थापन झाला हे सांगताना एकवचनच लागते. ‘द कमिटी कन्सिस्ट्स ऑफ नाइन मेंबर्स’, ‘द ऑडियन्स वॉज स्मॉल’, ‘द क्लब वॉज फाउंडेड इन 1920’. ‘द ऑडियन्स वेअर स्मॉल’ म्हटले तर प्रेक्षक बुटके होते असा अर्थ निघेल.

‘देअर इज’ने सुरू होणाऱ्या वाक्यातही तसेच. ‘देअर इज अ कमिटी वर्किंग ऑन इट’. इथे ‘देअर आर अ कमिटी’ होत नाही.

निर्जीव वस्तूंच्या समूहाला ही सवलत नाही. जंगलात झाडे कितीही असोत, ‘द फॉरेस्ट इज’. ‘द लायब्ररी इज’, ‘द कलेक्शन इज’. अनेकवचनाची मुभा माणसांच्या गटाला आहे, प्राण्यांच्या कळपाला थोडीफार आहे. ज्यातले घटक स्वतः काही करत नाहीत, त्यांना ती नाही.

उलट बाजूने, ‘ईच अदर’, ‘वन अनदर’ किंवा ‘देमसेल्व्ज’ वाक्यात आले की एकवचन टिकत नाही. ‘द टीम आर हेल्पिंग ईच अदर’ हे ब्रिटिश वाक्य झाले. अमेरिकन लेखक ‘टीम इज’ आणि ‘ईच अदर’ यांची मोट बांधत बसत नाही, तो कर्ताच बदलतो: ‘द प्लेअर्स आर हेल्पिंग ईच अदर’.

आता परीक्षा. रिकामी जागा भरायची असेल तर उरलेल्या वाक्यात खूण शोधा. ‘इट्स’ दिसले तर एकवचन, ‘त्यांचे’ या अर्थाचे ‘देअर’ दिसले तर अनेकवचन, ‘युनॅनिमस’ आले तर एकवचन, ‘देअर सीट्स’ किंवा ‘डिफरंट ओपिनियन्स’ आले तर अनेकवचन. प्रश्न काढणाऱ्याने खूण ठेवलेली असते. स्वतःचे लेखन असेल तर एकवचन वापरा. ते दोन्ही इंग्रजींत चालते, अनेकवचन मात्र अमेरिकन वाचकाला खटकते. आणि अगदीच अडले तर वचन दिसणारच नाही असे क्रियापद घ्या. ‘द कमिटी डिसायडेड’, ‘द कमिटी विल मीट’, ‘द कमिटी कॅन रिफ्यूज’ या तिन्ही वाक्यांत वचनाचा प्रश्नच येत नाही. भूतकाळात तो फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’पुरता उरतो.

प्रश्न : क्रिकेटच्या बातम्यांत ‘इंग्लंड हॅव वन द टॉस’ असते. देशाचे नाव तर एकवचनी असते ना?

देशाचे नाव एकवचनी, पण इथे देशाबद्दल बोलणे चालू नाही. ब्रिटिश वळणाच्या क्रीडा-इंग्रजीत देशाचे किंवा शहराचे नाव संघासाठी आले की क्रियापद अनेकवचनी होते. ‘इंग्लंड इज अ स्मॉल कंट्री’, पण ‘इंग्लंड आर थ्री विकेट्स डाउन’. क्रियापद ऐकूनच कळते की बोलणे नकाशाचे आहे की मैदानाचे. एवढा अर्थ एका छोट्या ‘आर’मध्ये बसतो, म्हणूनच ही प्रथा टिकून राहिली असावी.

बीबीसीचा बातम्यांसाठीचा लेखनसंकेत यात चांगला वाटाड्या आहे. सरकारे, कंपन्या आणि इतर संस्था एकवचनी. अपवाद म्हणून अनेकवचनी: खेळाडूंचे संघ, पॉप आणि रॉक गट, पोलीस, आणि फॅमिली, कपल, पेअर यांसारखे शब्द, जिथे एकवचन विचित्र वाटते. गंमत पुढे आहे. तोच फुटबॉल क्लब मैदानावर असला की ‘आर’, आणि त्याच्या मालकीची किंवा कर्जाची बातमी असली की ‘इज’. पहिल्या बातमीत खेळाडू दिसतात, दुसऱ्या बातमीत कंपनी.

अमेरिकन बातमीदारीत शहराचे नाव एकवचनी आणि संघाचे नाव अनेकवचनी: ‘बॉस्टन इज लीडिंग’, पण ‘द सेल्टिक्स आर लीडिंग’ (सेल्टिक्स हा बॉस्टनचा बास्केटबॉल संघ). असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या शैलीत तर ‘जॅझ’, ‘मॅजिक’, ‘थंडर’ अशी एस नसलेली संघनावेही अनेकवचनी धरतात: ‘द मॅजिक आर’. अमेरिकन इंग्रजी रूपाला चिकटते म्हणून वर सांगितले, पण संघाच्या नावापाशी तेही अर्थाकडे वळते.

प्रश्न : ‘अ पोलीस केम टू द हाउस’ हे वाक्य तपासणाऱ्याने कापले. कारण सांगितले नाही. चूक काय?

चुकीचे मूळ मराठीत आहे. ‘एक पोलीस आला’, ‘दोन पोलीस आले’. मराठीत पोलीस म्हणजे एक माणूस, आणि अनेकवचनात शब्दाचे रूप बदलत नाही. इंग्रजीत ‘पोलीस’ हे दलाचे नाव आहे आणि ते कायम अनेकवचनी. ब्रिटिश असो की अमेरिकन, ‘द पोलीस आर’, ‘द पोलीस हॅव अरेस्टेड’. यात निवडीचा भागच नाही. म्हणून ‘अ पोलीस’ होत नाही आणि ‘पोलिसेस’ही होत नाही. एक माणूस सांगायचा तर ‘अ पोलीस ऑफिसर’. ‘टू पोलीस’ असे बातम्यांच्या मथळ्यांत कधी दिसते, पण ‘टू पोलीस ऑफिसर्स’ लिहिले की कोणी बोट ठेवणार नाही. ‘पोलीस फोर्स’ म्हटले तर कर्ता ‘फोर्स’ झाला, मग ‘इज’ चालते.

या घरातले आणखी शब्द लक्षात ठेवायचे तर ‘पीपल’ आणि ‘कॅटल’. ‘पीपल’ आपल्या ‘लोक’सारखाच आहे, ‘लोक आला’ कोणी म्हणत नाही, म्हणून तिथे चूक कमी होते. मात्र ‘पीपल्स’ हा वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ वेगवेगळे लोकसमूह, वेगवेगळी राष्ट्रे असा होतो, ‘खूप माणसे’ असा नाही. ‘कॅटल’ला एस लागत नाही आणि ‘अ कॅटल’ होत नाही. गुरे मोजायची तर इंग्रजी डोकी मोजते: ‘फिफ्टी हेड ऑफ कॅटल’. या ‘हेड’लाही एस लावायचा नाही. ‘पोल्ट्री’ची तऱ्हा थोडी निराळी: जिवंत कोंबड्या असतील तर ‘आर’, मांस असेल तर ‘इज’.

‘द’ आणि विशेषण मिळून झालेले गटही याच बाजूचे. ‘द पुअर आर’, ‘द रिच आर’, ‘द ब्लाइंड आर’. शेवटी एस नाही म्हणून ‘इज’ लावण्याचा मोह होतो, किंवा ‘द पुअर्स’ असे लिहिले जाते. दोन्ही चूक. एक गरीब माणूस सांगायचा तर ‘अ पुअर मॅन’ किंवा ‘अ पुअर पर्सन’ असे नाम जोडावेच लागते.

प्रश्न : कार्यालयीन पत्रात ‘ऑल स्टाफ्स आर रिक्वेस्टेड’ असे असते. बरोबर आहे का?

नाही. ‘स्टाफ’ म्हणजे कर्मचाऱ्यांचा सगळा वर्ग. ‘ऑल स्टाफ आर रिक्वेस्टेड’ किंवा ‘ऑल मेंबर्स ऑफ स्टाफ आर रिक्वेस्टेड’ असे हवे. ‘स्टाफ्स’ तेव्हाच होईल, जेव्हा दोन-तीन संस्थांचे वेगवेगळे कर्मचारीवर्ग एकत्र सांगायचे असतील. ‘माझ्याकडे पाच स्टाफ आहेत’ हे मराठीत सर्रास चालते, इंग्रजीत ‘अ स्टाफ ऑफ फाइव्ह’ म्हणा. ‘एव्हरी स्टाफ मस्ट साइन’ हेही तपासून घ्या. ‘एव्हरी’ला एकटा माणूस लागतो, म्हणून ‘एव्हरी मेंबर ऑफ स्टाफ’ किंवा ‘एव्हरी एम्प्लॉयी’.

प्रश्न : समितीची इतिवृत्ते इंग्रजीत लिहावी लागतात. ‘इट्स’ की ‘देअर’, ‘विच’ की ‘हू’ यात दरवेळी गोंधळ होतो. काही पद्धत आहे का?

आहे. क्रियापद, सर्वनाम आणि संबंधी सर्वनाम हे तिघे एका माळेतले मणी आहेत. एकवचनाची माळ: ‘इज’ किंवा ‘हॅज’, ‘इट’, ‘इट्स’, ‘विच’. अनेकवचनाची: ‘आर’ किंवा ‘हॅव’, ‘दे’, ‘देअर’, ‘हू’. गोंधळ होतो तो एका माळेतला मणी दुसरीत गेल्याने. हा नमुना बघा:

‘द कमिटी हॅज मेट ट्वाइस धिस मंथ. दे आर ऑफ द व्ह्यू दॅट इट्स अर्लिअर डिसिजन वॉज हेस्टी. द कमिटी, हू हॅज नाइन मेंबर्स, हॅव आस्क्ड फॉर मोअर टाइम.’

पेन्सिल घेऊन ‘कमिटी’शी नाते असलेला प्रत्येक शब्द अधोरेखित करा: हॅज, दे, आर, इट्स, हू, हॅज, हॅव. सात शब्द झाले. ‘वॉज’ सोडला, कारण तो ‘डिसिजन’चा आहे. प्रत्येकाखाली १ किंवा २ लिहा. क्रम येतो १, २, २, १, २, १, २. तीन वाक्यांत समिती पाच वेळा एकीची अनेक आणि अनेकांची एक झाली. वाचणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते.

आता सगळे एकवचनात आणू: ‘द कमिटी हॅज मेट ट्वाइस धिस मंथ. इट इज ऑफ द व्ह्यू दॅट इट्स अर्लिअर डिसिजन वॉज हेस्टी. द कमिटी, विच हॅज नाइन मेंबर्स, हॅज आस्क्ड फॉर मोअर टाइम.’ सरळ झाले.

अनेकवचनात आणायला गेलो तर पहिली दोन वाक्ये ब्रिटिश इंग्रजीत नीट बसतात: ‘हॅव मेट’, ‘दे आर’, ‘देअर अर्लिअर डिसिजन’. तिसऱ्यात अडते. ‘हू हॅव नाइन मेंबर्स’ होत नाही, कारण नऊ सदस्य असणे हा गटाचा गुण आहे, कोणा एका सदस्याला नऊ सदस्य नसतात. पहिल्या उत्तरात सांगितलेली घटकसंख्येची अट इथे आडवी येते. इतिवृत्तात असे मजकूर पावलोपावली असतात: समिती किती जणांची, कधी नेमली, मुदत किती. म्हणून इतिवृत्त, अहवाल, ठराव यांना एकवचनाची माळच घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सदस्यांत मतभेद झाले आणि ते नोंदवायचे असले, तर ‘कमिटी’ला ओढून अनेकवचनात नेण्यापेक्षा सदस्यांनाच कर्ता करा: ‘द मेंबर्स वेअर डिव्हायडेड ऑन द क्वेश्चन ऑफ फंड्स.’ मग पुढच्या वाक्यात ‘दे’ आणि ‘देअर’ बिनधास्त वापरता येतात.

एक सवलत सांगायला हवी. बोलताना ‘द टीम इज प्लेइंग वेल, दे डिझर्व्ह टु विन’ असे अमेरिकन माणूसही सर्रास म्हणतो. क्रियापद रूपाकडे बघते, आणि सर्वनाम थोडे पुढे गेल्यावर अर्थाकडे ओढले जाते. कर्त्यापासून शब्द जितका लांब, तितका तो अर्थाच्या बाजूला झुकतो. बोलण्यात आणि खासगी पत्रात यावर लाल शाई खर्च करू नये. औपचारिक कागदात मात्र हे झुकणे टाळावे.

ही ओढ नवी नाही. 1787 साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत, प्रतिनिधिगृह ‘देअर’ सभापती निवडेल असे म्हटले आहे, सीनेटच्या बाबतीतही ‘देअर’ आहे. त्याच पहिल्या अनुच्छेदात थोडे पुढे प्रत्येक सभागृह ‘इट्स’ कामकाजाचे नियम ठरवील असे आहे. दुसऱ्या जागी आधी ‘ईच हाउस’ आले आहे, आणि ‘ईच’ आले की एकवचन सुटत नाही.

प्रश्न : ‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ यांत क्रियापद का बदलते? ‘मेजॉरिटी’, ‘कपल’, टक्केवारी यांचे काय?

‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲब्सेंट’: इथे ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे ‘बरेच’. खरा कर्ता ‘स्टुडंट्स’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज राइझिंग’: इथे वाढते आहे ती संख्या, विद्यार्थी नव्हेत. मराठीत करून बघा: ‘बरेच विद्यार्थी गैरहजर आहेत’ आणि ‘विद्यार्थ्यांची संख्या वाढते आहे’. अडचण आली की हे मराठी वाक्य मनात म्हणावे, उत्तर त्यातच मिळते.

‘मेजॉरिटी’चेही तसेच. ‘द मेजॉरिटी ऑफ व्होटर्स आर’, कारण बहुतेक मतदार. ‘हर मेजॉरिटी इज स्मॉल’, कारण इथे मताधिक्याचा आकडा आहे.

अपूर्णांक आणि टक्केवारीला स्वतःचे वचन नसते, ते ‘ऑफ’नंतरच्या शब्दाकडून घेतात. ‘ट्वेंटी परसेंट ऑफ द लँड इज ड्राय’, ‘ट्वेंटी परसेंट ऑफ द फार्मर्स आर’. ‘टू-थर्ड्स ऑफ द वर्क इज डन’, इथे ‘थर्ड्स’मधल्या एसला फसू नका. ‘अ लॉट ऑफ’ही याच जातीचा: ‘अ लॉट ऑफ वॉटर इज’, ‘अ लॉट ऑफ बुक्स आर’.

अंतर, वेळ, रक्कम एकठोक धरली तर एकवचन: ‘टेन मिनिट्स इज इनफ’, ‘फाइव्ह किलोमीटर्स इज टू फार टु वॉक’. दहा मिनिटे इथे दहा वस्तू नाहीत, एक अवधी आहे.

‘कपल’ म्हणजे जोडपे असेल तर अनेकवचन नैसर्गिक, आणि इथे असोसिएटेड प्रेसची अमेरिकन शैलीसुद्धा अनेकवचन सांगते: ‘द कपल वेअर मॅरिड ऑन सॅटर्डे’. जोडप्याकडे एक घटक म्हणून बघितले, जसे ‘ईच कपल वॉज आस्क्ड टु पे’, तर एकवचन.

‘पेअर’मध्ये वस्तूंचा खेळ आहे. ‘माय ट्राउझर्स आर टॉर्न’, पण ‘धिस पेअर ऑफ ट्राउझर्स इज टॉर्न’. मराठीत कात्री एक, इंग्रजीत ‘सिझर्स आर’. एकच कात्री सांगायची तर ‘अ पेअर ऑफ सिझर्स’.

प्रश्न : ‘अ ग्रुप ऑफ स्टुडंट्स’पुढे ‘वॉज’ की ‘वेअर’?

वाक्य बघून ठरवा. ‘अ ग्रुप ऑफ स्टुडंट्स वेअर वेटिंग आउटसाइड’: वाट बघत उभे असतात विद्यार्थी, म्हणून ‘वेअर’ सहज येते, पुष्कळदा अमेरिकन लेखनातही. ‘अ ग्रुप ऑफ स्टुडंट्स वॉज फॉर्म्ड टु स्टडी द प्रॉब्लेम’: नेमला जातो तो गट, म्हणून ‘वॉज’. पहिल्या वाक्यात कोणी ‘वॉज’ लिहिले तर तेही चूक नाही, रूपाप्रमाणे ते बरोबरच आहे. वस्तू ठेवायचे भांडे किंवा खोके असेल तर मात्र भांड्याकडे बघावे: ‘द बॉक्स ऑफ पेन्सिल्स इज ऑन द टेबल’.

प्रश्न : अमेरिकेला पूर्वी ‘द युनायटेड स्टेट्स आर’ म्हणत आणि यादवी युद्धानंतर एका झटक्यात ‘इज’ झाले, असे वाचले. खरे का?

पूर्वी ‘आर’ होते, हा भाग खरा. 1787च्या राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या करताना युनायटेड स्टेट्सविरुद्ध युद्ध पुकारणे हा गुन्हा सांगितला आहे, आणि तिथे सर्वनाम ‘देम’ आहे, शत्रू ‘देअर’ आहेत. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीतही, जी 1865 साली मंजूर झाली, ‘देअर ज्युरिस्डिक्शन’ असेच शब्द आहेत. यादवी युद्ध 1865मध्येच संपले, म्हणजे युद्ध संपतानाही कायद्याच्या भाषेत अनेकवचन जागेवर होते. ‘एका झटक्यात’ हा भाग म्हणून खरा नाही. दोन्ही वापर बराच काळ शेजारी-शेजारी चालले आणि एकवचन हळूहळू वरचढ झाले. आज देशाबद्दल लिहिताना ‘द युनायटेड स्टेट्स इज’ हेच लिहावे. ‘द नेदरलँड्स इज’, ‘द फिलिपीन्स इज’, ‘द युनायटेड नेशन्स इज’ हेही त्याच न्यायाने. डोंगररांगांना हा न्याय नाही: ‘द आल्प्स आर’.

प्रश्न : ‘फर्निचर्स’, ‘लगेजेस’, ‘हेअर्स’ हे शब्द समूहवाचक म्हणून अनेकवचनी होतात का?

होत नाहीत. हे अगणनीय शब्द आहेत, मोजायचे तर ‘पीस’ लागतो: ‘थ्री पीसेस ऑफ लगेज’. टीम, कमिटी यांच्याशी फरक असा की त्या शब्दांना स्वतःचे अनेकवचन असते. दोन टीम असल्या तर ‘टीम्स’, आणि मग ‘आर’शिवाय पर्याय नाही. ‘फर्निचर’ला ते नाहीच, खुर्च्या दहा असल्या तरी ‘द फर्निचर इज’. ‘हेअर’चा घोळ मराठीमुळे होतो. आपल्याकडे केस गळतात, इंग्रजीत ‘हेअर फॉल्स’. डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘माय हेअर इज’. एखादा केस दुधात सापडला तर तो मोजता येतो, तिथे ‘अ हेअर’, आणि दोन सापडले तर ‘टू हेअर्स’.